आधी दाम, मग निरोप

परदेशी निघालेल्या माणसाच्या सामानाच्या यादीत पारपत्र, तिकीट, औषधे आणि शेवचिवड्याचे डबे यांच्या जोडीला अलीकडे एक अशी वस्तू येऊन बसली आहे की, जिला वजन नाही, आकार नाही आणि जी पिशवीत ठेवताही येत नाही. तिचे नाव ई-सिम. परदेशात उतरल्यावर मोबाइलला इंटरनेट मिळावे म्हणून अमुक दिवसांसाठी अमुक जीबी डेटा आगाऊ पैसे भरून विकत घ्यावयाचा, ठिपक्यांचे एक चौकोनी चित्र मोबाइलच्या कॅमेऱ्यास दाखवावयाचे, आणि तेवढ्यावर परक्या देशातील दूरसंचाराचे दार उघडावयाचे, असा हा व्यवहार आहे. विकणारे पुष्कळ, दर नाना प्रकारचे आणि अटी बारीक अक्षरांतल्या. त्यामुळे मुलाकडे किंवा मुलीकडे चार महिने राहावयास निघालेले आईबाप गोंधळून जातात. आणि त्यांना सल्ला देणारी तरुण मंडळी बहुधा सर्वांत लहान आकड्यावर बोट ठेवून मोकळी होतात.

वस्तुतः हा प्रश्न दिसतो तितका नवा नाही. निरोप सीमेपलीकडे न्यावयाचा, तर त्याचे दाम कोणी द्यावयाचे, केव्हा द्यावयाचे, आणि देण्यापूर्वी ते किती हे देणाऱ्यास कळावयाचे की नाही, या तीन गोष्टींभोवती टपालाचा, तारेचा आणि टेलिफोनचा इतिहास फिरत आलेला आहे. तो पाहण्यास मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर यांच्याइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. ही दोन्ही गावे मराठी बोलणारी, संत्र्याच्या आणि कापसाच्या मुलखातली. बाजारासाठी, दवाखान्यासाठी, कॉलेजासाठी येथील माणूस नागपूरकडे पाहतो. कारण नागपूर पांढुर्ण्याहून रेल्वेने सुमारे 100 किलोमीटर आणि सौंसरहून त्याहूनही जवळ आहे. परंतु 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर व विदर्भाचे इतर जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा, त्यातील या मराठी तालुक्यांसह, मध्य प्रदेशात राहिला. 2023 साली पांढुर्णा व सौंसर मिळून छिंदवाड्यातून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला, तरी राज्याची सीमा होती तेथेच आहे. सीमा ओलांडल्यावर निरोपाचे भाडे कसे बदलते, हे येथल्या लोकांना विमानात न बसताच समजलेले आहे. ते कसे, हे पाहण्यापूर्वी थोडे मागे जावयास हवे.

पोस्टाचे तिकीट निघण्यापूर्वी पत्राचे हशील अंतरावर ठरे. कंपनी सरकारच्या 1837 च्या टपाल कायद्याखाली एक तोळा वजनाचे पत्र कलकत्त्याहून मुंबईस जावयाचे तर एक रुपया पडे, आणि आग्र्यास जावयाचे तर बारा आणे. त्या काळच्या रुपयाचे मोल ध्यानात घेतले म्हणजे पत्र ही कोणाची चैन होती ते कळते. शिवाय हे हशील पाठविणाऱ्याने भरलेच पाहिजे असे नव्हते. पत्र दारी आल्यावर घेणाऱ्याने पैसे मोजावे, ही रीत इंग्लंडातही सर्रास होती. तिच्यातून एक चोरवाट निघाली. पाठविणाऱ्याने पाकिटावरच खुणा करावयाच्या, घेणाऱ्याने पाकीट उलटसुलट करून पाहावयाचे, खुणेवरून खुशाली ओळखावयाची आणि पैसे नाहीत म्हणून पत्र परत करावयाचे! रोलंड हिल याने 1837 साली टपाल-सुधारणेची पुस्तिका लिहिली, तिच्यामागे अशाच एका युक्तीची हकीकत होती, असे सांगतात. ती खरी असो वा रचलेली असो, हिलचा हिशेब मात्र पक्का होता. पत्र वाहून नेण्याचा खर्च अंतरामुळे फारसा वाढत नाही; खर्च वाढतो तो प्रत्येक पत्राचे हशील ठरविण्यात आणि ते दारोदार वसूल करण्यात. तेव्हा दर एकच ठेवावा आणि तो आधीच घ्यावा. 1840 साली इंग्लंडात एक पेनीचे टपाल सुरू झाले ते या तत्त्वावर.

हिंदुस्थानात हे तत्त्व 1854 साली आले. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अर्धा आणा, मग ते जवळच्या गावी जावो की हजार मैल जावो. आणि तिकीट न लावता पाठविले तर घेणाऱ्याकडून दुप्पट. असे दुप्पट दंडाचे पत्र पुढे 'बेरंग' किंवा 'नॉटपेड' या नावाने मराठी घरांत इतके ओळखीचे झाले की, ते दारी येणे हा पाठविणाऱ्याच्या कंजूषपणाचा पुरावा मानला जाई. याच 1854 साली नागपूरचे भोसल्यांचे राज्य वारस नसल्याच्या सबबीवर कंपनीने खालसा केले, आणि त्या राज्यात मोडणारा छिंदवाड्याचा मुलूखही कंपनीकडे गेला. म्हणजे सौंसरच्या मुलखातला माणूस एकाच वर्षी आपला राजा गमावून बसला आणि कलकत्त्यास अर्ध्या आण्यात पत्र धाडू लागण्यास पात्र झाला. इतिहास अशा बेरजा-वजाबाक्या कोणाला विचारून करीत नाही.

देशाच्या सीमेबाहेरचा प्रश्न याहून अवघड होता. एक पत्र तीन देशांतून जावयाचे, तर तिघांनी आपापला वाटा मागावयाचा. आणि प्रत्येक दोन देशांमधला करार निराळा. 1874 साली स्वित्झर्लंडच्या बर्न शहरी 22 राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी, टपालापुरते हे सर्व देश मिळून एकच मुलूख आहे, असे ठरविले. ज्या देशात तिकीट विकले गेले त्याने ते पैसे स्वतःकडे ठेवावे. पत्र पोहोचविणाऱ्या देशाने निराळा आकार मागू नये. कारण जो आज पत्र पाठवितो तो उद्या उत्तर मिळवितोच. हिशेब ठेवण्यापेक्षा हिशेब सोडून देणे स्वस्त पडते, हे सरकारी खात्यांना त्या दिवशी उमगले. पुन्हा उमगावयास त्यांना फार वर्षे लागली, ही गोष्ट निराळी. हिंदुस्थान या संघात 1876 मध्ये सामील झाला. परदेशातील माणसाने उत्तर पाठवावे, पण त्याच्यावर भुर्दंड पडू नये, म्हणून 1906 च्या रोम येथील परिषदेत आंतरराष्ट्रीय जबाबी कूपन मान्य झाले. हे कूपन येथे विकत घेऊन पत्रात घालावयाचे, आणि पलीकडच्याने ते आपल्या पोस्टात देऊन तेथले तिकीट घ्यावयाचे. आपल्याकडच्या जोडकार्डाचेच हे परदेशगमन केलेले भावंड. एका देशात पैसे भरून दुसऱ्या देशात सेवा घेण्याचे हे साधन होते. आजच्या ई-सिमचा वंशवृक्ष कोणी काढावयास बसला, तर या कागदी कूपनास त्यात मानाची जागा द्यावी लागेल.

तारेचा संसार याहून वेगळा. तिच्या करारासाठी राष्ट्रे 1865 मध्ये पॅरिस येथे जमली होती. पण तारेने एकच मुलूख कधी मानला नाही. तेथे शब्द मोजले जात आणि अंतर मोजले जाई. पत्त्याचे शब्दही परदेशी तारेत मोजणीत धरले जात. म्हणून व्यापारी पेढ्या आपला एकच एक शब्दाचा तारेचा पत्ता नोंदवून घेत. लोकांनी भाषा आखडली, क्रियापदे गाळली, आणि 'प्रकृती गंभीर, ताबडतोब निघा' एवढ्यात सारे दुःख बसविले. पण तार कितीही महाग असली तरी तिच्यात एक सचोटी होती. खिडकीपलीकडचा मास्तर पेन्सिलीने शब्द मोजून आकडा सांगे, आणि तो पटला तरच तार जाई. आपल्याकडील ही सेवा 2013 च्या जुलैत बंद झाली.

टेलिफोनने मात्र माणसाला घड्याळाच्या काट्यावर उभे केले. आधी ट्रंक कॉल नोंदवावयाचा, साधा, अर्जंट की लाइटनिंग ते सांगावयाचे, आणि तासन् तास वाट पाहावयाची. मग 1960 च्या नोव्हेंबरात कानपूर-लखनौ दरम्यान देशातील पहिली एसटीडी सेवा सुरू झाली, आणि 1976 मध्ये मुंबईहून लंडनला थेट क्रमांक फिरविण्याची सोय झाली. एसटीडीचे आकडे वाटताना मात्र एक गंमत घडली. नागपूरला 0712 हा आकडा मिळाला, वर्ध्याला 07152, आणि सीमेअलीकडे मध्य प्रदेशात बैतूलला 07141, छिंदवाड्याला 07162, पांढुर्ण्याला 07164 व सौंसरला 07165. राज्य पुनर्रचनेने जी गावे वेगळी केली, त्यांना टेलिफोनच्या आकड्यांनी एकाच कुळात ठेवले!

1980 नंतरच्या दशकात पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-आयएसडी-पीसीओ बूथ गावोगाव उभे राहिले. त्यांच्या काचेच्या खोलीत लाल आकडे पळविणारे एक यंत्र असे. बोलणाऱ्याचे अर्धे लक्ष पलीकडच्या आवाजाकडे आणि अर्धे त्या आकड्यांकडे. रात्री उशिरा दर उतरत, म्हणून झोपेची वेळ टाळून लोक रांगेत उभे राहत. अमेरिकेतील मुलाची खुशाली अशा रांगेत उभे राहून ऐकणाऱ्या आईला, दर मिनिटाचे मोल कोणत्याही अर्थशास्त्र्यापेक्षा अधिक कळत असे. या बूथवर दाम मागाहून द्यावयाचे असले, तरी आकडा डोळ्यांसमोर चढत असे. पुढे मोबाइलमध्ये जी फसगत व्हावयाची होती, ती या काचेच्या खोलीत होत नव्हती.

भारतात मोबाइलवरील पहिले संभाषण 31 जुलै 1995 रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू आणि केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्यात झाले. त्या वेळी येणाऱ्या कॉलचेही पैसे पडत. म्हणजे टपालाने 1854 मध्ये जी रीत मोडून काढली, ती मोबाइलने 1995 मध्ये पुन्हा घरात आणली: घेणाऱ्याने दाम द्यावे! आणि तिच्यापाठोपाठ पाकिटावरील खुणांची चोरवाटही परत आली. तिचे नाव 'मिस्ड कॉल'. एकदा वाजवून सोडले म्हणजे 'पोहोचलो', दोनदा वाजवले म्हणजे 'निघालो' असे संकेत घरोघर ठरले. फरक इतकाच की, इंग्लंडातील युक्तीने टपाल खाते हादरले, आणि आपल्या युक्तीने पुढे जाहिरातदारांचा एक नवा धंदा उभा राहिला. येणारे कॉल विनामूल्य झाले ते 2003 च्या मे महिन्यात.

परंतु पांढुर्णा आणि सौंसरची अडचण तेवढ्याने सुटली नाही. मोबाइल कंपन्यांना परवाने देताना सरकारने देशाचे विभाग पाडले होते. त्यांना 'सर्कल' म्हणत. ही सर्कले बहुतांशी राज्यांच्या सीमांवर आखली गेली. महाराष्ट्र व गोवा यांचे एक सर्कल. मध्य प्रदेश व छत्तीसगड यांचे दुसरे. एसटीडीच्या आकड्यांत जे कुळ एक होते, ते येथे तुटले. पांढुर्ण्याचा मोबाइल छत्तीसगडमधील बस्तरपर्यंत 'घरच्या' मुलखात गणला जाई, आणि संत्र्यांची गाडी घेऊन नागपूरच्या बाजारात गेलेल्या शेतकऱ्याच्या खिशात तोच मोबाइल 'रोमिंग'मध्ये जाई. दवाखान्यात नेलेल्या माणसाची चौकशी करावयास घरून फोन आला, तर तो उचलण्याचे पैसे नागपुरात बसलेल्याला पडत. 2007 च्या दरपत्रकाप्रमाणे ते मिनिटाला जास्तीत जास्त 1 रुपया 75 पैसे होते. 2013 मध्ये ते 75 पैशांवर आले आणि 1 मे 2015 पासून 45 पैशांवर. पुढे नव्या कंपनीच्या आगमनाने स्पर्धा पेटली आणि 2017 च्या सुमारास देशांतर्गत रोमिंगचा आकार व्यवहारातून नाहीसाच झाला. सीमेलगतच्या गावांत तर आणखी एक त्रास असे. माणूस घरच्या अंगणातच उभा, परंतु मोबाइलने पलीकडच्या राज्यातील मनोरा पकडला की, तो परगावी गेल्याचे ठरे. नागपूरला जाताना एक आणि घरी परतल्यावर दुसरे, अशी दोन सिमे बाळगणारा माणूस सीमेवर नवलाचा नव्हता. आज परदेशी जाणाऱ्यास जे शिकवावे लागते, त्याचा पहिला पाठ असा आहे.

रोमिंग महाग का, हे समजण्यास त्याच्या पोटात थोडे डोकवावे लागेल. प्रत्येक मोबाइल कंपनीजवळ आपल्या ग्राहकांची एक नोंदवही असते. ग्राहक परक्या मुलखात पोहोचला की, तेथली कंपनी त्याच्या मूळ कंपनीला विचारते, 'हा तुमचा काय? याची हमी घेता काय?' होकार आल्यावर ती सेवा देते, वापराची नोंद ठेवते आणि मागाहून मूळ कंपनीकडे आकार मागते. हा घाऊक दर दोन कंपन्यांच्या करारावर अवलंबून. त्यावर मूळ कंपनी आपला नफा चढविते. आणि ग्राहकाला अंतिम आकडा कळतो तो बिल आल्यावर. बर्नच्या परिषदेने 1874 साली जो हिशेब सोडून दिला होता, तोच येथे पुन्हा मांडला गेला. त्यातही आगाऊ पैसे भरणाऱ्या, म्हणजे प्रीपेड ग्राहकाला आरंभी परदेशी रोमिंग देताच येत नसे. प्रीपेड मोबाइल 1995 मध्ये पोर्तुगालमध्ये निघाला. पण त्याची शिल्लक घरच्या कंपनीच्या गणकयंत्रात आणि खर्च परदेशात होणार, तेव्हा प्रत्येक कॉलला तत्काळ विचारणा करण्याची व्यवस्था हवी होती. ती पुढे तयार झाली. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळून 'कॅमल', म्हणजे उंट, असा शब्द होतो. वाळवंटे ओलांडून जाणाऱ्या व्यवस्थेस तो शोभला खरा.

इंटरनेट आल्यावर हा धोका शतपट वाढला. कॉल करणाऱ्यास आपण बोलतो आहो हे कळते. डेटा मात्र माणूस झोपलेला असतानाही खर्च होतो. मोबाइल आपणहून छायाचित्रे साठवितो, अॅप अद्ययावत करतो, आणि सकाळी विमानाच्या तिकिटाएवढे बिल उभे राहते. अशा तक्रारी जगभर इतक्या वाढल्या की, युरोपीय संघाने 2007 पासून रोमिंगच्या दरांस मर्यादा घातली, 2010 मध्ये डेटाचा खर्च 50 युरोवर गेला की तो आपोआप थांबावा असा नियम केला, आणि 15 जून 2017 रोजी संघातील देशांपुरता जादा आकार काढून टाकला. तेथे बर्नचे तत्त्व परत आले. परंतु ते युरोपच्या कुंपणाच्या आत. भारतातून निघालेल्या प्रवाशास त्याचा थेट लाभ नाही.

त्याने आपल्या परीने आगाऊ दामाचे मार्ग शोधले. परदेशातून घरी बोलण्यासाठी कॉलिंग कार्डे आली. त्यांवरील चंदेरी पट्टी खरवडून आतला क्रमांक दाबावयाचा. ही कार्डे आगाऊ पैशांची होती खरी, पण प्रामाणिक होतीच असे नाही. 2008 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने, छापलेल्या मिनिटांपेक्षा पुष्कळच कमी मिनिटे मिळतात म्हणून, काही विक्रेत्यांवर खटले भरले. आगाऊ दिलेले दाम म्हणजे ठरलेले दाम, अशी जी समजूत पोस्टाच्या तिकिटाने लोकांच्या मनात रुजविली होती, तिला येथे तडा गेला. तिकिटामागे सरकार आणि राष्ट्रांचा संघ उभा होता. कार्डामागे एक दुकान. ई-सिम विकत घेताना हा भेद विसरता कामा नये.

आता ई-सिमविषयी. सिम कार्ड प्रथम 1991 मध्ये म्युनिकच्या गीझेके अँड डेव्हरिएंट या कंपनीने फिनलंडमधील मोबाइल कंपनीसाठी तयार केले. नोटा छापणाऱ्या कंपनीने ग्राहकाची ओळख छापावी, हे अगदी यथायोग्य झाले. आरंभी ते बँकेच्या कार्डाएवढे होते. मग कापत कापत नखाएवढे उरले. आणि शेवटी कार्डच नाहीसे होऊन त्याचे काम मोबाइलच्या आत कायमच्या बसविलेल्या चिपेकडे आले. या चिपेत ग्राहकाची ओळख दुरून उतरविता येते. मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेने सर्वसामान्य ग्राहकांसाठी त्याचे नियम 2016 मध्ये काढले; त्याच वर्षी ते मनगटी घड्याळात आले, 2017 मध्ये मोबाइलमध्ये, आणि 2018 मध्ये भारतातील कंपन्यांनी ते देऊ केले. 2022 मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमधून सिम घालण्याची खाचच काढून टाकण्यात आली. परदेशी प्रवाशाच्या दृष्टीने यातील खरा लाभ असा की, घरचे सिम न काढता दुसऱ्या देशाचा डेटा त्याच मोबाइलमध्ये, घर सोडण्यापूर्वी, भाव पाहून घेता येतो. विमानतळावरच्या दुकानात, भाषा न येता, थकलेल्या अंगाने जे सिम घ्यावे लागे, ते सौंसरच्या घरी खाटेवर बसून घेता येते.

पण कोणते घ्यावे? येथे तिकिटाचा आणि ई-सिमचा रस्ता वेगळा होतो. अर्ध्या आण्याच्या तिकिटास पर्याय नव्हता. येथे शेकडो पर्याय आहेत आणि संघ एकही नाही. म्हणून पहिली चौकशी मोबाइलची करावी. *#06# हे आकडे फिरविल्यावर 32 अंकांचा ईआयडी दिसला, तर मोबाइल ई-सिम घेऊ शकतो. परदेशातून हप्त्यावर आणलेला मोबाइल एकाच कंपनीशी जखडलेला असू शकतो. मुलाने पाठविलेला जुना मोबाइल वापरणाऱ्या आईबापांच्या बाबतीत हे विशेष तपासावे.

दुसरी गोष्ट मुदतीची. '30 दिवस' हे शब्द सोपे दिसतात. परंतु ते दिवस विकत घेतल्यापासून मोजावयाचे, मोबाइलमध्ये उतरविल्यापासून की परदेशी जाळ्यास प्रथम जोडल्यापासून, हे कंपनीगणिक बदलते. दिवसही कोठे चोवीस तासांचा असतो, तर कोठे कंपनीच्या घड्याळातील मध्यरात्री संपतो. 'अमर्याद' या शब्दाचा अर्थही पुष्कळदा, रोज ठरावीक डेटा झाल्यावर वेग मुंगीचा, एवढाच असतो. नातवंडाशी रोज तासभर समोरासमोर बोलणाऱ्यास शेकडो मेगाबाइट लागतात. पण मुलाच्या घरी वायफाय असेल, तर तेवढा डेटा विकत घेणे व्यर्थ. अशा प्रवाशास विमानतळ, रस्ता आणि बाजार यांपुरता लहान प्लॅन पुरतो. उलट सहलीच्या कंपनीबरोबर बारा दिवसांत सहा देश पाहणाऱ्याने प्रत्येक देशाचा वेगळा प्लॅन न घेता प्रदेशाचा एकच घ्यावा. मात्र त्यात नकाशातील प्रत्येक देश खरोखर आहे ना, हे नाव वाचून पाहावे. युरोपच्या प्लॅनमध्ये स्वित्झर्लंड असेलच असे नाही. बर्नच्या परिषदेचे यजमान युरोपीय संघाचे सभासद नाहीत.

यात एक आडवाट कोणी सांगत नाही. स्वस्त ई-सिम पुष्कळदा त्या देशाचे नसतेच. ते तिसऱ्याच देशातील कंपनीचे असून रोमिंगवर चालते. मग माणूस असतो एका देशात आणि त्याचा डेटा फिरतो दुसऱ्याच देशातून. पांढुर्ण्याहून सौंसरला जाणारा माणूस सडकेने गेला तर तासाभरात पोहोचतो. पण रेल्वेनेच जाईन म्हणाला, तर त्याला दोन वेगळ्या मार्गांमुळे नागपूरला जाऊन उलटे यावे लागते, तसाच हा प्रकार. त्यात बोलणे अडखळते आणि काही संकेतस्थळे माणूस भलत्याच देशात असल्याचे समजतात. कोणत्या स्थानिक कंपनीचे जाळे मिळते, हे विचारावे ते याकरिता. ठिपक्यांचे चित्रही बहुधा एकदाच चालते. मोबाइलमधून ई-सिम चुकून पुसले गेले, तर ते पुन्हा उतरविता येईलच असे नाही. ते घरच्या वायफायवर, निघण्यापूर्वी उतरवून ठेवावे. चालू मात्र तेथे पोहोचल्यावर करावे.

विक्रेता कोण, हेही पाहिले पाहिजे. भारतात परदेशी सिम विकावयाचे, तर दूरसंचार खात्याची परवानगी लागते. 2024 च्या आरंभी तशा परवानगीविना ई-सिम विकणाऱ्या परदेशी कंपन्यांची अॅप व संकेतस्थळे येथे बंद करण्याचा आदेश निघाला होता. तेव्हा शेजाऱ्याने मागील सालच्या प्रवासात वापरलेले नाव आज येथे मिळेलच, असे धरून चालू नये. घरच्या कंपनीचा रोमिंग प्लॅन जीबीमागे महाग पडतो. पण क्रमांक तोच राहतो, कॉल व संदेश येतात, आणि तक्रार करावयाची तर मराठी-हिंदी समजणारा माणूस भेटतो. चार दिवसांच्या प्रवासास, विशेषतः वयस्क माणसास, ही किंमत फार नाही. चार महिन्यांच्या मुक्कामास मात्र ई-सिम किंवा तेथलेच सिम, हाच शहाणपणाचा मार्ग.

राहता राहिले घरचे सिम. डेटाच्या ई-सिमला बहुधा बोलण्याचा क्रमांक नसतो. बँकेचा ओटीपी येतो तो घरच्याच क्रमांकावर, आणि परदेशात औषधे घेताना, तिकीट बदलताना, किंवा येथल्या खात्यातून विजेचे बिल भरताना त्याची गरज पडते. म्हणून ते सिम काढून कपाटात ठेवू नये. निघण्यापूर्वी त्यावर परदेशी रोमिंग सुरू करून घ्यावे आणि संदेश येण्यास काही आकार पडतो काय, हे कंपनीस विचारावे. मग मोबाइलमध्ये घरच्या सिमचे डेटा रोमिंग बंद करावे, ई-सिमचे चालू करावे आणि 'डेटा कोणाचा' या प्रश्नापुढे ई-सिमचे नाव निवडावे. घरच्या सिमची रिचार्जची मुदत प्रवासातच संपत असेल, तर तेवढे पैसे आधी भरून जावे. कारण मुदत गेल्यावर येणारे संदेशही थांबतात, आणि फार दिवस न वापरलेला क्रमांक कंपनी काढून घेऊन दुसऱ्या ग्राहकास देऊ शकते.